राज्यकारभारास पुरावा नको काय?

एखाद्या सावकारानें शंभर रुपयांची फिर्याद लावली, तरी न्यायाधीश त्यास पहिला प्रश्न पुरावा काय आहे हाच विचारतो. खतावर सही कोणाची, साक्षीदार कोण, रक्कम रोख दिली कीं मागील बाकी पुढें ओढली, याची छाननी झाल्यावांचून प्रतिवादीच्या खिशांतून एक पैहि काढतां येत नाहीं. परंतु जेव्हां सबंध राष्ट्राच्या खिशांत हात घालावयाचा असतो, कोट्यवधि मुलांनीं कसें शिकावें व काय खावें, व्यापाऱ्यानें कोणत्या नोटांत देवघेव करावी, याचा निकाल लावावयाचा असतो, तेव्हां हाच प्रश्न विचारणारा मनुष्य विघ्नसंतोषी ठरतो! शंभर रुपयांच्या दाव्यास जो नियम लागतो तो लाखों कोटींच्या कारभारास कां लागूं नये, याचा विचार आज करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

गेल्या पंचवीस-तीस वर्षांत या प्रश्नावर विद्वान् लोकांत मोठा वाद माजला आहे. एका पक्षाचें म्हणणें असें कीं, औषध जसें रोग्यांवर पारखून मगच बाजारांत येतें, तशी सरकारी योजनाहि आधीं थोड्या ठिकाणीं पारखून मगच देशभर लागू करावी. दुसरा पक्ष म्हणतो कीं, समाज म्हणजे प्रयोगशाळा नव्हे. एका गांवीं जें साधलें तें दुसऱ्या गांवीं साधेलच असा नेम नाहीं, आणि कोणाचें हित आधीं पाहावयाचें हा प्रश्न आंकड्यांनीं सुटत नाहीं. आमच्या मतें दोन्ही पक्षांच्या म्हणण्यांत तथ्य आहे. भय धरावयाचें तें तिसऱ्याच पक्षाचें. हा पक्ष वादांत कधीं उतरत नाहीं, ग्रंथ लिहीत नाहीं. तो अधिकाराच्या खुर्चीवर बसलेला असतो आणि पुरावा मुळींच नको असें त्याचें मत असतें.

या तिसऱ्या पक्षाच्या कारभाराचें फळ काय असतें, हें महाराष्ट्रास दुसऱ्यानें सांगावयास नको. १८९६ च्या सप्टेंबरांत मुंबईच्या मांडवी भागांत प्लेग उघडकीस आला, आणि १८९७ च्या आरंभीं तो पुण्यांत फैलावला. सरकारनें ४ फेब्रुवारी १८९७ रोजीं साथीच्या रोगांचा कायदा करून अधिकाऱ्यांस हवे ते अधिकार दिले. पुण्यांत रँडसाहेबांच्या कमिटीनें गोरे शिपाई घरोघर घातले. माजघरांत व देवघरांत शिरून झडत्या झाल्या. रोगी इस्पितळांत आणि त्यांचे आप्त वेगळ्या छावणींत नेण्यांत आले. सामानसुमान जाळण्यांत आलें. हें सर्व ज्या समजुतीवर चाललें ती अशी कीं, रोग मनुष्यापासून मनुष्यास, त्याच्या वस्त्रांतून व घाणेरड्या जागेंतून जडतो. रोगाचा जंतु १८९४ सालीं सांपडला होता, पण तो मनुष्याच्या अंगांत शिरतो कसा, हें कोणींच सिद्ध केलें नव्हतें. १८९८ सालीं पॉल-लुई सिमों या फ्रेंच डॉक्टरानें कराचीस प्रयोग करून उंदरांवरील पिसवांकडे बोट दाखविलें, तेव्हां त्याचें फारसें कोणी ऐकलें नाहीं. १९०५ नंतर मुंबईस परळच्या प्रयोगशाळेंत प्लेग-संशोधन कमिशनानें तीच गोष्ट पुन्हा पुन्हा पडताळून पाहिली, तेव्हां ती सर्वमान्य झाली. म्हणजे पुण्यांतील लोकांच्या अब्रूवर पाय देऊन जो बंदोबस्त झाला, त्यांत खरा चोर बाजूलाच राहिला होता. आग रामेश्वरीं आणि बंब सोमेश्वरीं म्हणतात तो हाच प्रकार. २२ जून १८९७ रोजीं रँडसाहेबांवर गोळ्या झाडल्या गेल्या, व पुढें काय घडलें तें सर्वांस ठाऊक आहे.

त्याच वेळीं पुरावा मिळविण्याचे दुसरे मार्ग मोकळे नव्हते असें नाहीं. जानेवारी १८९७ मध्यें हाफकिन यांनीं मुंबईस तयार केलेली लस प्रथम स्वतःस टोंचून घेतली, आणि पुढें भायखळ्याच्या तुरुंगांत प्लेग शिरला तेव्हां खुषीनें पुढें आलेल्या कैद्यांस ती टोंचून, टोंचलेल्यांत रोगी किती व न टोंचलेल्यांत किती, याचा ताळा पाहिला. इकडे गांवोगांवच्या लोकांनीं तर कोणत्याहि प्रयोगशाळेवांचून एक नियम बसविला होता: घरांत उंदीर पडूं लागले कीं घर सोडावें आणि माळावर झोपड्या घालून राहावें. एकीकडे तुलनेचा पुरावा, दुसरीकडे अनुभवाचा पुरावा. दोन्ही हाताशीं असतां सरकारानें तिसरीच वस्तु प्रमाण मानिली, ती म्हणजे स्वतःची खात्री. खात्री आणि पुरावा यांतील अंतर ज्यास कळत नाहीं, त्याच्या हातीं अमर्याद अधिकार देणें किती घातक आहे, हें या उदाहरणानें कायमचें दाखवून ठेविलें आहे.

आतां पहिल्या पक्षाचें म्हणणें नीट समजून घेऊं. त्याचें मूळ शेतांत आहे. नवें खत चांगलें कीं जुनें, हें पाहावयाचें असलें तर शेतकरी साहजिकच नवें खत चांगल्या वाफ्यास घालतो. मग पीक वाढलें तें खतानें कीं जमिनीनें हें सांगावयाचें कोणी? इंग्लंडांत रॉदॅम्स्टेड येथील शेतकी संशोधन केंद्रांत १९१९ सालीं दाखल झालेले रोनाल्ड फिशर यांनीं यावर तोड काढली ती अशी कीं, कोणत्या वाफ्यास कोणतें खत हें मनुष्यानें ठरवूंच नये, चिठ्ठ्या टाकून ठरवावें. चिठ्ठीस ना आवड ना नावड. म्हणून दोन्ही बाजूंस चांगली-वाईट जमीन सारखीच वांटली जाते, आणि पुढें जो फरक दिसतो तो खताचाच, असें बऱ्याच निश्चयानें म्हणतां येतें. हीच युक्ति ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनीं क्षयरोगावरील स्ट्रेप्टोमायसीन या औषधास लाविली. औषध इतकें थोडें होतें कीं सर्वांस पुरणें शक्यच नव्हतें. म्हणून चिठ्ठीनें निवड करण्यांत अन्यायहि नव्हता. १९४८ सालीं निकाल प्रसिद्ध झाला: औषध मिळालेल्या ५५ रोग्यांपैकीं सहा महिन्यांत ४ दगावले, नुसती विश्रांति मिळालेल्या ५२ पैकीं १४ दगावले. वैद्यकाचा इतिहास त्या दिवसापासून बदलला.

वैद्यकांतून ही पद्धति राज्यकारभारांत आणणाऱ्यांचे अग्रणी अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो व मायकेल क्रेमर हे होत. यांस २०१९ सालीं अर्थशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. बॅनर्जी यांचा जन्म मुंबईचा, आणि त्यांच्या एका गाजलेल्या प्रयोगाचें क्षेत्रहि मुंबईच. तिसरी-चौथीपर्यंत पोंचूनहि ज्या मुलांस साधें वाचतां येत नाहीं, त्यांस वर्गाबाहेर काढून दररोज दोन तास वस्तींतीलच एखाद्या शिकलेल्या तरुण मुलीनें शिकवावें, अशी ‘प्रथम’ संस्थेची योजना होती. या मुलीस ‘बालसखी’ म्हणत. महिन्याचें वेतन पांचशें ते साडेसातशें रुपये. २००१ ते २००३ या काळांत मुंबई व बडोदें येथील शाळांत चिठ्ठीच्या पद्धतीनें हिची पारख झाली. ज्या शाळांस बालसखी मिळाली तेथील मुलें स्पष्टपणें पुढें गेलीं, आणि सर्वांत अधिक लाभ सर्वांत मागें पडलेल्यांस झाला. मात्र योजना संपून वर्ष लोटल्यावर मिळविलेल्यापैकीं पुष्कळसें ओसरलें होतें, हेंहि त्याच अभ्यासकांनीं लिहून ठेविलें. स्वतःच्या पक्षास प्रतिकूल अशी गोष्ट स्वतःच नमूद करणें, हें खऱ्या साक्षीदाराचें लक्षण आहे. सरकारी अहवालांत तें किती वेळां आढळतें हें वाचकांनींच आठवून पाहावें.

दुसऱ्या पक्षाचे धुरीण अँगस डीटन हेहि नोबेल पारितोषिकाचे मानकरी, २०१५ सालचे. तत्त्वज्ञानाच्या अभ्यासक नॅन्सी कार्टराइट यांच्यासह त्यांनीं २०१८ सालीं जो सविस्तर निबंध लिहिला, त्याचा मथितार्थ असा: चिठ्ठीचा प्रयोग फार झालें तर अमुक ठिकाणीं अमुक उपाय लागू पडला एवढेंच सिद्ध करतो, तो तमुक ठिकाणीं लागू पडेल हें त्यावरून निघत नाहीं. कार्टराइट यांचें एक आवडतें उदाहरण आपल्या शेजारचेंच आहे. तामिळनाडूंत १९८० सालीं पोषणाची एक योजना सुरू झाली. कुपोषित मुलें हेरून त्यांस पूरक आहार द्यावयाचा आणि त्यांच्या मातांस आहाराविषयीं शिकवावयाचें, असें तिचें स्वरूप होतें. तिचा चांगला परिणाम झाल्याचें मानलें गेलें, म्हणून १९९५ सालीं तीच घडी बांगलादेशांत बसविली. पुढें जागतिक बँकेच्याच मूल्यमापन विभागानें तपास केला तेव्हां कुपोषण फारसें हटलें नाहीं असें दिसून आलें. कारण काय? शिकविलें मातेस, परंतु त्या खेड्यांत बाजारहाट पुरुष करतात, आणि एकत्र कुटुंबांत सुनेच्या हातचा घांस सासूच्या हुकुमानें वाढला जातो. ज्या सासूच्या हातीं फडताळाची किल्ली, तिला कोणी विचारलेंच नव्हतें! ज्यानें एक दिवस आपल्याकडील एकत्र कुटुंबांत काढला असेल, त्यास ही गोष्ट कळावयास जागतिक बँकेच्या अहवालाची गरज पडली नसती.

हें झालें एका देशांतून दुसऱ्या देशांत नेलेल्या योजनेचें. पण एका हातांतून दुसऱ्या हातांत गेल्यानेंहि योजना पालटते. केनियामध्यें कराराच्या शिक्षकांची एक योजना खासगी संस्थेनें चालविली त्या शाळांत मुलांची प्रगति झाली. त्याच योजनेचा कारभार सरकारी खात्यानें चालविला त्या शाळांत कांहींच फरक पडला नाहीं. आपल्याकडेहि ‘प्रथम’ची शिकविण्याची रीत उत्तराखंडांत सरकारी शिक्षकांस नुसतें शिक्षण व पुस्तकें देऊन सोंपविली, तेव्हां ती कागदावरच राहिली; शिक्षक वर्गांत गेले आणि नेहमींचें पाठ्यपुस्तक पुरें करण्याच्या मागें लागले. पुढें हरियाणांत त्या कामासाठीं दिवसाचा एक तास निराळा काढला, मुलांस इयत्तेवारी न बसवितां येतें-न येतें त्याप्रमाणें बसविलें, आणि देखरेखीस माणसें नेमिलीं, तेव्हां तीच रीत फळास आली. म्हणजे पहिल्या प्रयोगाचा निकाल खोटा नव्हता, पण तो अपुरा होता. आणि अपुरेपणा भरून निघाला तो पुरावा सोडून देऊन नव्हे, आणखी पुरावा गोळा करून. दोन्ही पक्षांच्या भांडणांत सामान्य माणसानें ध्यानांत धरावयाची गोष्ट हीच आहे.

आमच्याच प्रांतांत या दोन्ही विचारांचा मेळ कसा घालतां येतो, हें गडचिरोलीनें दाखविलें आहे. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनीं तेथें काम सुरू केल्यावर प्रथम दोन गांवांतील स्त्रियांची तपासणी केली, आणि १९८९ सालीं ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय पत्रांत प्रसिद्ध केलें कीं शंभरांतील ९२ स्त्रियांस कोणता ना कोणता स्त्रीरोग आहे. कोणी विचारलेंच नव्हतें, म्हणून तो रोग नव्हता, इतकेंच! पुढें नवजात अर्भकांच्या मृत्यूंचा प्रश्न त्यांनीं हातीं घेतला. गांवांतीलच साक्षर बायांस शिकवून, त्यांनीं बाळंतिणीच्या घरीं जाऊन अर्भकाची निगा राखावी, त्यास ऊब द्यावी, जंतुदोष ओळखावा व जरूर तर इंजेक्शनहि द्यावें, अशी व्यवस्था ३९ गांवांत केली. ४७ गांवें ताडून पाहण्यासाठीं जशींच्या तशीं ठेविलीं. १९९९ सालीं प्रसिद्ध झालेला निकाल असा कीं, तिसऱ्या वर्षीं त्या ३९ गांवांतील नवजात मृत्यूंचें प्रमाण दुसऱ्या गांवांच्या मानानें सुमारें ६२ टक्क्यांनीं उतरलें. यांत चिठ्ठी टाकलेली नव्हती, आणि काटेकोर विद्वानांनीं तेवढी उणीव काढावी हें योग्यच. परंतु तुलना होती, जन्म-मृत्यूची बारकाईची नोंद होती, आणि सासू कोण व सून कोण हें ठाऊक असलेल्या बाया होत्या. २०११ सालीं केंद्र सरकारनें घरोघर नवजात-सेवेची योजना आशा कार्यकर्त्यांमार्फत देशभर घेतली. मात्र जंतुदोषावर इंजेक्शन देण्याचा गडचिरोलींतील भाग त्या आशांच्या हातीं दिला गेला नाहीं. तो वगळणें बरोबर कीं चूक याचा वाद निराळा. परंतु योजनेचा एक भाग गळला असतां तीच फळें येतील असें गृहीत धरणें हें पुराव्यास सोडून आहे, एवढें तरी म्हटलेंच पाहिजे.

येथें कोणी म्हणेल कीं, असा पुरता पुरावा गोळा होईपर्यंत काय गोरगरिबांनीं वाट पाहत बसावें? हा आक्षेप रास्त आहे, आणि तो उत्तम रीतीनें ज्यां द्रेझ यांच्यासारख्या, उभी हयात या देशांतील दारिद्र्याच्या अभ्यासांत घालविलेल्या, अर्थशास्त्रज्ञांनीं मांडिला आहे. त्यांचें म्हणणें असें कीं, पुराव्यापासून धोरणाकडे सरळ रस्ता नाहीं. मध्यें मूल्यांचा, हक्कांचा व लोकमताचा प्रश्न उभा असतो. शाळेंतील मुलांस शिजवून जेवण द्यावें हा हुकूम सर्वोच्च न्यायालयानें २८ नोव्हेंबर २००१ रोजीं दिला, तो चिठ्ठ्या टाकून नव्हे. भुकेल्या मुलास अन्न मिळावें हें पटविण्यास प्रयोग लागत नाहीं. मागाहून झालेल्या अभ्यासांनीं हजेरीवर व आहारावर अनुकूल परिणाम दाखविले, हें उत्तमच. परंतु तें जेवण वेळेवर मिळतें कीं नाहीं, त्यांत काय असतें, कोणत्या जातीचें मूल कोणत्या पंगतीस बसतें, हें पाहावयास मात्र पुरावाच हवा. ध्येय ठरविण्यास विवेक पुरतो. तें ध्येय गांठलें कीं नाहीं हें सांगण्याचा अधिकार विवेकास नाहीं.

शिवाय किती पुरावा झाला म्हणजे पुरे, याचें उत्तर कायद्यानें केव्हांच दिलेलें आहे. स्टीफनसाहेबांनीं १८७२ सालीं रचलेल्या पुराव्याच्या कायद्यांत गोष्ट शाबीत केव्हां मानावी याची जी व्याख्या होती, ती १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागीं आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमांतहि कायम आहे. तिचा आशय असा कीं, शहाण्या मनुष्यानें त्या परिस्थितींत जी गोष्ट खरी धरून वागावें इतकी ती संभवनीय असली, म्हणजे ती शाबीत झाली. कायदा गणिती निश्चय मागत नाहीं. तो शहाण्या माणसाची सावधगिरी मागतो. ज्या ब्रॅडफर्ड हिल यांनीं चिठ्ठीची परीक्षा वैद्यकांत रुजविली, त्यांनींच रिचर्ड डॉल यांच्यासह १९५० सालीं धूम्रपान व फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखविला, आणि तो चिठ्ठीवांचून दाखविला; कारण निरोगी माणसांस चिठ्ठी टाकून विडी ओढावयास लावणें हें पाप होय. १९६५ च्या व्याख्यानांत त्यांनींच बजाविलें कीं शास्त्रीय ज्ञान नेहमींच अपुरें असतें, पण म्हणून हाताशीं असलेल्या ज्ञानाकडे डोळेझांक करण्याची सवड आपणांस मिळत नाहीं. तंबाखूच्या कारखानदारांनीं मात्र ‘अजून शंका आहे’ हीच ढाल करून पुढें कित्येक वर्षें काढिलीं. यास्तव पुरावा पुरता नाहीं ही सबब कोण पुढें करतो आणि दिरंगाईनें कोणाची पेटी भरते, हेंहि पाहिलें पाहिजे.

आतां आमच्या व्यापारी वाचकांस प्रत्यक्ष झळ लागलेल्या उदाहरणाकडे वळूं. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्रीं पांचशें व हजाराच्या नोटा रद्द झाल्या. चलनांतील नोटांच्या किंमतीपैकीं सुमारें ८६ टक्के भाग एका घोषणेनें कागद होऊन पडला. काळा पैसा नष्ट व्हावा हा जाहीर हेतूंपैकीं एक होता, आणि हेतूविषयीं आम्हांस मुळींच शंका घ्यावयाची नाहीं. परंतु त्याच दिवशीं सायंकाळीं झालेल्या रिझर्व्ह बँकेच्या संचालक मंडळाच्या सभेच्या टिपणांत असें नमूद आहे कीं, काळें धन बहुतांशीं रोकडींत नसून सोनें व जमीनजुमला यांत असतें, व या उपायाचा त्यावर म्हणण्यासारखा परिणाम होणार नाहीं. मंडळानें संमति दिली ती हें नमूद करून दिली. ही टिपणें माहितीच्या अधिकाराखालीं बाहेर आलीं तीं २०१९ सालीं! मधल्या काळांत रिझर्व्ह बँकेच्याच अहवालानें २०१८ सालीं सांगितलें कीं रद्द नोटांपैकीं ९९.३ टक्के परत आल्या. २ जानेवारी २०२३ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें चार विरुद्ध एक अशा मतानें तो निर्णय कायदेशीर ठरविला, आणि न्यायालयाचा निकाल आम्हांस शिरसावंद्य आहे. परंतु कायदेशीर असणें निराळें आणि शहाणपणाचें असणें निराळें. अधिकार होता कीं नाहीं हें न्यायालय पाहतें. अधिकार वापरण्यापूर्वीं समोर असलेल्या पुराव्याचें काय केलें, हें लोकांनीं पाहावयाचें असतें. तीं टिपणें त्याच आठवड्यांत प्रसिद्ध झालीं असतीं, तर रांगेंत उभ्या राहिलेल्या दुकानदारास आपण कशासाठीं उभे आहों याचा निर्णय तरी करतां आला असता.

पुरावा न मानणें ही एक गोष्ट. पुरावा दिसूंच न देणें ही त्याहून वाईट. २०१७-१८ सालच्या रोजगार-पाहणीचा अहवाल वेळीं प्रसिद्ध झाला नाहीं, म्हणून राष्ट्रीय सांख्यिकी आयोगाच्या दोन सभासदांनीं जानेवारी २०१९ मध्यें राजीनामे दिले; निवडणुका आटोपल्यावर मे महिनाअखेर तो अहवाल बाहेर आला, आणि त्यांत बेकारीचें प्रमाण ६.१ टक्के होतें. त्याच सालची कौटुंबिक खर्चाची पाहणी तर माहितीच्या दर्जांत दोष आहे या कारणावरून प्रसिद्ध करावयाचीच नाहीं असें नोव्हेंबर २०१९ मध्यें ठरलें. २०११ नंतरची शिरगणती २०२१ सालीं व्हावयाची ती लांबत जाऊन तिचा संदर्भदिन १ मार्च २०२७ ठरविण्यांत आला. दर्जांत दोष असेल. महामारीचें कारणहि कांहीं काळ खरें असेल. परंतु दोष असलेली वही न्यायाधीशापुढें ठेवून दोष दाखविणें हा एक मार्ग, आणि वहीच कपाटांत कुलुपबंद करणें हा दुसरा. पहिला मार्ग प्रामाणिक व्यापाऱ्याचा आहे. दुसरा कोणाचा, हें पेढीवर बसणाऱ्यांस आम्हीं सांगावें असें नाहीं.

या बाबतींत आमच्या पूर्वसूरींची थोरवी अशी कीं, त्यांनीं आंकडे मिळत नाहींत म्हणून रडगाणें गाइलें नाहीं. दादाभाई नौरोजी यांनीं १८७६ सालीं मुंबईस हिंदुस्थानच्या दारिद्र्यावर निबंध वाचला, त्यांत सरकारच्याच अहवालांतून पीक, मीठ, खाणी यांचे आंकडे वेंचून, दर माणशीं वार्षिक उत्पन्न अवघें वीस रुपये पडतें असा हिशेब मांडला. आणि तुरुंगांतील कैद्यास सरकार जें अन्नवस्त्र देतें तेवढेंहि या उत्पन्नांत भागत नाहीं हें दाखविलें. सरकार पक्षानें १८८२ सालीं सत्तावीस रुपये व १९०१ सालीं कर्झनसाहेबांनीं तीस रुपये असे प्रतिहिशेब पुढें केले. सत्तावीस रुपयांच्या हिशेबाचा तपशील दादाभाईंनीं मागितला, तो त्यांस मिळाला नाहीं. तरीहि वाद आंकड्यांच्या मैदानांत आला, आणि त्या मैदानांत परक्या सरकारची नैतिक बाजू कायमची ढासळली. पुढें १९३० सालीं पुण्यास गोखले अर्थशास्त्र संस्था निघाली व धनंजयराव गाडगीळ यांनीं तालुक्या-तालुक्यांच्या पाहण्या आरंभिल्या, ती हीच परंपरा होय. परक्यांशीं झगडतांना जें शस्त्र आम्हीं परजिलें, तें स्वकीयांच्या राज्यांत गंजूं द्यावें काय? स्वराज्यांत तर त्याची गरज अधिक. कारण परक्याच्या चुकीचा दोष परक्यास देतां येतो, स्वकीयांच्या चुकीचें भरणें आपणच भरावें लागतें.

तेव्हां सामान्य नागरिकानें करावें काय? प्रत्येकानें सांख्यिकी शिकावी असें आमचें म्हणणें नाहीं. उलटतपासणीस जे चार-पांच प्रश्न पुरतात ते येथेंहि पुरतील. एखादी योजना जाहीर झाली कीं पुढारी, अधिकारी किंवा नगरसेवक यांस प्रथम विचारावें, ही कोठें करून पाहिली आहे, आणि जेथें केली नाहीं तेथें त्याच काळांत काय घडलें? दुसरें, जेथें ती फळली तेथें तिच्या पाठीशीं कोणत्या गोष्टी होत्या, आणि त्या आपल्या गांवीं आहेत काय? आमची सासू कोण, हें कोणीं पाहिलें आहे काय? तिसरें, ती राबविणार कोण. ज्यांनीं करून दाखविली तेच हात, कीं दुसरे? चौथें, ती फसली हें कोणत्या खुणेनें ओळखावयाचें, आणि ती खूण आज, योजना सुरू होण्यापूर्वीं, लिहून ठेविली आहे काय? पांचवें, ज्यांच्यासाठीं ती आहे त्यांस कोणीं विचारलें? आणि शेवटीं, या सर्वांचे कागद कोठें पाहावयास मिळतील? या प्रश्नांस ज्याच्याजवळ उत्तर आहे तो रागावणार नाहीं. जो रागावेल, त्याचा राग हाच पुरावा समजावा.

हे प्रश्न केवळ दिल्ली-मुंबईच्या सरकारांसाठीं नाहींत. नगरपालिका बाजार हलविते, रस्ता एकमार्गी करते, पाण्याची वेळ बदलते. व्यापारी मंडळें सुटीचा वार ठरवितात. शाळा फी वाढवितात. प्रत्येक ठिकाणीं कोणी तरी आपल्या खात्रीवर दुसऱ्याचें आयुष्य हलवीत असतो. माहितीच्या अधिकाराचा कायदा २००५ सालापासून आहे, आणि साध्या कागदावर, अल्प फीमध्यें, कोणाहि नागरिकास अर्ज करतां येतो. प्रत्येक पेठेंतील दहा दुकानदारांनीं वर्षांतून एक अर्ज जरी नेमका व चिकाटीनें केला, आणि मिळालेलें उत्तर चार लोकांस वाचून दाखविलें, तरी त्या गांवच्या कारभाराची भाषा बदलेल. ‘आम्हांस वाटतें’ असें म्हणून उठणारा सभासद, ‘असें आढळून आलें आहे’ असें म्हणावयास शिकेल. आणि आढळून आलेलें नसेल तर खालीं बसेल. पुरावा मागणें हा उद्धटपणा नव्हे, तो मालकाचा हक्क आहे. लोकशाहींत मालक कोण, याविषयीं राज्यघटनेनें तरी शंका ठेविलेली नाहीं.